एकेचाळिसाव्या खुणेखाली

१

पेट्या चाळीस होत्या. प्रत्येक पेटीवर पत्र्याची चकती, चकतीवर आकडा. एक ते चाळीस, मधला एकही गाळलेला नाही. एकेचाळिसावी चकती मुकादमाच्या शर्टाच्या खिशात होती, तिला पेटी नव्हती. नकाशावर नावं एकेचाळीस. जमिनीत खुणेचे दगड एकेचाळीस, खड्डे एकेचाळीस. खोरी चार, माणसं पाच. पाचवा धरणाच्या कचेरीतला फार्नहॅम. तो खणत नव्हता, तेव्हा त्याला धरायचं की नाही हा प्रश्नच आहे.

हे सगळं मी दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा आलेल्या उत्तरावर मला विश्वास ठेवायचा नव्हता.

ओरिंडा आत्या शेवटच्या खड्ड्याच्या काठाशी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून बसली होती. माझ्या आजोबांची ती थोरली बहीण, वय पंच्याऐंशी. लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणतात. एकेचाळीस नंबर म्हणजे तिची आई, रोडा. आमच्या क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीच्या या जुन्या दफनभूमीत पुरलेलं शेवटचं माणूस, साल १८७९. आत्या तेव्हा सात वर्षांची होती.

आता १९५७ चा सप्टेंबर चालू होता. एक मार्चला धरणाचे दरवाजे बंद होणार, आणि आयोवातली आमची नदीकाठची सगळी जमीन, प्रार्थनेच्या सभाघरासकट, पाण्याखाली जाणार. त्याआधी थडगी उचलून टेकडीवरच्या गावाच्या दफनभूमीत न्यायची होती. आत्यानं कचेरीकडे एकच मागणी केली होती: वर आईशेजारी एक जागा ठेवा, मला.

"व्हर्जिल," आत्या म्हणाली, "माझी आई कुठे आहे?"

मुकादम व्हर्जिल स्ट्राउडनं टोपी काढली. "आत्याबाई, सात फुटांपर्यंत गेलो. हाड नाही, खिळा नाही, बटण नाही."

"सात फूट आमच्यात कुणी जात नाही. आमची साधी माणसं. पाच फुटांत समाधान मानतात."

"पाच फुटांवरही बघितलं की."

फार्नहॅमनं घसा साफ केला. "बाई, ऐंशी वर्षांत हाडं विरघळतात. अवशेष मिळाले नाहीत एवढं लिहून सही द्या. वर तुमच्या आईच्या नावाचा दगड आम्ही बसवून देऊ."

"चाळीस नंबर असेनाथ पिकरिंग. ती आईच्या आधी पाच आठवडे गेली. ती विरघळली का?"

"नाही."

"मग माझी आईच तेवढी साखरेची होती?"

आत्यानं मान वळवून कुंपणाकडे पाहिलं. रांगेच्या टोकापासून ते जेमतेम दहा फुटांवर होतं, आणि पलीकडे लोवेल पिकरिंगचा मका उभा होता.

"तिला कुणीतरी उकरून काढलं आहे," आत्या म्हणाली.

२

आमच्यात सगळ्यांना तू म्हणतात. न्यायाधीश असो की गुराखी. तरुण पिढी बाहेर पडली की तुम्ही-आम्ही शिकते, पण आत्यापुढे कुणाचं चालत नाही.

"थर्झा," ती मला म्हणाली, "तू कॉलेजात चार वर्षं माती शिकलीस. तुझ्या बापानं दोन गायी विकल्या त्यापायी. आता खाली उतर आणि माती काय म्हणते ते सांग."

मी एकेचाळिसाव्या खड्ड्यात उतरले. व्हर्जिल वरून कंदील धरून उभा राहिला, भर दुपारी, केवळ सौजन्य म्हणून.

"काय शोधतेस पोरी? मी चार परगण्यांतले मुडदे हलवलेत. एक बाई तर अशी निघाली, हातात अजून चमचा. माझ्या हातून माणूस सुटत नाही."

"खोरं कसं चाललं होतं इथं?"

"कसं म्हणजे?"

"बाकीच्या चाळीस ठिकाणी आणि इथं, फरक काही?"

तो विचारात पडला. "बाकीकडे सुरी लोण्यात जावी तसं. इथं मात्र जोसेफच्या खोऱ्याचा दांडा मोडला."

खड्ड्याची भिंत मी चाकूनं तासून साफ केली. वर सोळा इंच काळी माती. तिच्याखाली तपकिरी, मग पिवळी, आणि पिवळीत साडेतीन फुटांवर चुनखडीच्या खड्यांची एक ओळ. ती चारही भिंतींत सलग होती. खड्ड्याची लांबी-रुंदी व्हर्जिलनं कबरीहून थोडी कमीच घेतली होती; म्हणजे इथं कबर असती तर या भिंती कबरीच्या आतच आल्या असत्या. मी शेजारच्या, चाळिसाव्या खड्ड्यात गेले. तिथं काळी माती आणि पिवळी माती एकमेकींत कालवलेली, आणि चुनखडीचे खडे कुठेही पडलेले.

एकदा उकरलेली जमीन पुन्हा तशी बसत नाही. चुन्याची अशी ओळ जमायला हजारो वर्षं लागतात.

मी वर आले आणि आत्याच्या खुर्चीशी उकिडवी बसले. कसं सांगावं ते मला समजेना, म्हणून जसं होतं तसं सांगितलं. "तिला कुणी नेलं नाही आत्या. ही जमीन आजच पहिल्यांदा उकरली गेली. इथं कधीच कुणाला पुरलेलं नाही."

आत्यानं हातातला रुमाल उलगडला, पुन्हा त्याची घडी घातली.

"मी कॅन्ससहून परत आले तेव्हापासून दर रविवारी या दगडाशी बसते," ती म्हणाली. "अठ्ठेचाळीस वर्षं. मग मी कुणाशी बोलत होते?"

३

तरीही ती लोवेल पिकरिंगच्या घरी गेली. मला गाडी चालवायला लावली. लोवेल असेनाथचा नातू. वय अठ्ठावन्न, विधुर, हात दोन्ही खिशांत घालून बोलायची सवय.

"ये ओरिंडा. पाय दुखवून घ्यायला आलीस का एवढ्या लांब?"

"तू कुंपण कधी सरकवलंस?"

"कधीच नाही."

"तुझ्या बापानं?"

"माझ्या बापानं आयुष्यात फक्त एकदाच काही सरकवलं, ते जेवणाचं ताट." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तिला वाटतंय आम्ही तिच्या आईवर मका पेरला. होय ना?"

"वाटतंय," मी म्हणाले.

"वाटत नाही," आत्या म्हणाली. "वाटत होतं. या पोरीनं सांगितलं तसं काही नाही. पण मी तुला मनातून चोर म्हटलं होतं लोवेल, ते तोंडावर सांगायला आले."

लोवेलचे हात खिशांतून बाहेर आले. काही वेळ तो त्यांचं काय करावं ते न समजून उभा होता. मग त्यानं आम्हाला आत बोलावलं, ॲपल-पाय कापून दिला, आणि स्वतःहून सांगू लागला.

"ते दगड आहेत ना, त्यांतला एकही मूळचा नाही. जुन्या लोकांना दगडसुद्धा मिरवणं वाटायचं. गवत वाढलं, गुरं फिरली, खळगे बुजले. एकोणीसशे नऊला क्लार्कसन हॅडलीनं ठरवलं की खुणा करायच्या. मी दहा वर्षांचा, दोरीचं एक टोक माझ्या हातात. दर चार फुटांवर गाठ, दर गाठीला एक दगड."

"कुठला दगड कुणाचा हे त्याला कसं समजलं?"

"त्यात काय समजायचं? आपल्याकडे नवऱ्याशेजारी बायको पुरत नाहीत. जो आधी मेला तो आधी. श्रीमंत, गरीब, तान्हं मूल, सगळे एका रांगेत, मरणाच्या क्रमानं. क्लार्कसननं मृत्यूची नोंदवही उघडली, पश्चिमेच्या टोकाला पहिला खळगा अजून दिसत होता, तिथून मोजत निघाला. एकेचाळीस मेले, एकेचाळीस दगड."

परत येताना मी एकच गोष्ट घोळवत होते. क्लार्कसननं जमीन मोजली नव्हती, त्यानं नावं मोजली होती.

एवढ्यात व्हर्जिलचा ट्रक समोरून आला आणि थांबला. त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"पोरी, फरकाचं विचारत होतीस ना? नकाशाप्रमाणं बाविसाव्यात तुमचा तो सहा फुटी लोहार असायला हवा. मला तिथं पोराची हाडं लागली. फार्नहॅमसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, जुनी हाडं झिजतात."

४

खड्डे अजून उघडे होते. माझ्याकडे मोजपट्टी होती आणि सोमवारपर्यंतची मुदत. त्यानंतर यंत्र येऊन सगळं सपाट करणार होतं.

हाडं गेली होती, पण कबरीचा आकार मातीत राहतो. कालवलेली माती कुठे संपते आणि न उकरलेली कुठे सुरू होते ती कड तळाशी दिसते. भिंती त्या कडेपर्यंत तासत चाळीस खड्ड्यांच्या तळाशी मी चाळीस लांब्या घेतल्या. मोठ्यांची कबर साडेसहा-सात फूट. मुलांची तीन, साडेतीन, चार. घराच्या जेवणाच्या टेबलावर मी नकाशातली वयं एका ओळीत मांडली आणि लांब्या तिच्याखाली.

पहिल्या तेरा तंतोतंत जुळल्या. तेरावं एक मूल होतं, आणि तेरावी कबर साडेतीन फुटांची होती. चौदा, पंधरा, सोळा मोठी, कबरीही मोठ्या. सतराव्या जागी मोठी बाई हवी होती. कबर चार फुटांची. पुढे सगळंच विस्कटलं. लोहाराच्या जागी मूल, मुलाच्या जागी म्हातारा.

मी खालची ओळ एक घर उजवीकडे सरकवली. अठरापासून एकेचाळीसपर्यंत सगळं जुळलं.

म्हणजे चौदा, पंधरा, सोळा आणि सतरा या चौघांपैकी एकजण जमिनीत कधीच नव्हता. क्लार्कसननं त्याच्यासाठी दगड लावला आणि त्यानंतरचा प्रत्येक माणूस एक दगड पुढे ढकलला गेला. शेवटच्या दगडाखाली साहजिकच कुणी उरलं नाही. रोडा कुठेही गेली नव्हती. ती चाळिसाव्या जागी होती. असेनाथ पिकरिंगच्या चकतीखाली.

मी आत्याला उठवलं नाही. गाडी काढून थेट टेकडीवर गेले. पेट्या अजून शेडमध्ये असतील, चकत्या एकेक घर सरकवायच्या, दुसरं काही नाही, असा माझा हिशेब होता.

व्हर्जिल सिमेंटची घमेली धूत होता.

"झालं सगळं," तो म्हणाला. "काल संध्याकाळीच शेवटची फरशी टाकली. गावाचा नियम कडक, पेट्या आडनावाप्रमाणं लावायच्या. हॉजिन हॉजिनमध्ये, पिकरिंग पिकरिंगमध्ये. काय झालं? अशी का बघतेस?"

५

आमच्या सभेची, म्हणजे मंडळीची, लेखनिक युनिस हॅडली, क्लार्कसनची मुलगी. बापाची चूक तिला सांगणं मला जड गेलं. तिनं माझ्या दोन ओळी तीनदा तपासल्या. मग चष्मा काढून ठेवला.

"बाबा आकड्यांना फार जपायचे," ती म्हणाली. "चौघांपैकी कोण?"

"ते मातीतून कळत नाही. चौघंही मोठे आहेत."

"मग सभेपुढे मी काय ठेवू? निदान चोवीस घरांना सांगू की तुमची माणसं चुकली आहेत, पण चूक कुठे सुरू झाली ते आम्हाला ठाऊक नाही? कोण ते सांग. मग ठेवते."

चौघांपैकी तिघांना सोडवायला एक दुपार पुरली. आमच्या जुन्या कार्यवृत्तात ते इथं आलेले, जिवंत सापडतात. एकानं आयोवातली पहिली प्रार्थनासभा उघडली. एकाला व्हायोलिन वाजवल्याबद्दल समज दिली होती आणि त्यानं ती मानली नव्हती. तिसरी बाई सभाघराच्या छपरासाठी गवत कापणाऱ्यांना जेवण घालत होती. उरली सतरावी, टेमर हॉजिन. रोडाची आई, आत्याची आजी. घराण्यातली इकडे आलेली पहिली बाई म्हणून आम्ही जिचं नाव घेतो तीच.

टेमरचं नाव कार्यवृत्तात एकदाच होतं. इंडियानातल्या सभेनं जेसी हॉजिन, त्याची पत्नी टेमर आणि तीन मुलं यांना पश्चिमेला जाण्यासाठी दिलेला दाखला. दिला आठव्या महिन्यात, १८५१; आमच्या जुन्या कागदांत महिन्यांना नावं नसत, आकडेच असत. इथं वाचून स्वीकारला पुढच्या साली, पहिल्या महिन्यात. आणि मृत्यूच्या नोंदीत, टेमर हॉजिन, दहावा महिना, चार तारीख, १८५१. ठिकाण लिहिलेलं नाही.

"ती दाखला स्वीकारायच्या आधीच वारली होती," मी म्हणाले. "तरी तिचं नाव उतरवून घेतलं?"

"घेणारच." युनिसला यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. "दुसऱ्या सभेनं लिहून दिलेलं असतं. त्यातला शब्द आपण बदलत नाही. पाच नावं आली, पाच उतरवली. माणसं पोचली का हे कागदाला विचारत नाहीत. पण त्यानं काय सिद्ध होतं? लोक दाखल्याच्या आधी यायचे. कितीतरी."

ते खरं होतं. तेव्हा मी इंडियानाला गेले.

न्यायालयाच्या तळघरात जमिनींचे व्यवहार रचून ठेवले आहेत. जेसीनं आपलं शेत १९ सप्टेंबर १८५१ ला विकलं. त्या काळी बायकोची संमती नवऱ्याला बाहेर बसवून वेगळी विचारत, आणि तशी विचारल्याचं न्यायाधिकाऱ्यानं लिहिलं आहे. टेमर समक्ष हजर होती. सहीच्या जागी तिनं फुली केली आहे. फुलीची एक रेघ दुसरीपेक्षा बरीच लांब आहे.

१९ सप्टेंबरला ती इंडियानात उभी होती. ४ ऑक्टोबरला ती वारली. मधले पंधरा दिवस. तिथून आमची नदी साडेतीनशे मैल.

"बोटीनं आले असतील," तळघरातला म्हातारा कारकून म्हणाला. मी त्याच्या टेबलाशी चार दिवस बसत होते, त्यामुळं तोही आता या घरातलाच झाला होता. "ओहायो नदीनं खाली, मिसिसिपीनं वर. पंधरा दिवसांत सहज. माझी स्वतःची पणजी तशीच गेली. वाटेत दोनदा भांडून उतरली, तरी पोचली."

त्यानं माझा सगळा हिशेब एका वाक्यात मोडला. त्या रात्री मला भाड्याच्या खोलीत झोप लागली नाही, आणि सकाळी त्याला सांगायलाही काही नव्हतं.

त्यानंच मग गुरांच्या खुणांची वही माझ्यापुढे सरकवली, बहुधा दया येऊन. कुंपणं नव्हती तेव्हा प्रत्येकजण गुरांच्या कानाला आपली खूण कापायचा आणि ती इथं नोंदवायचा. जेसी हॉजिन: उजव्या कानाला भोक, डाव्या कानाला खालून चीर. मी ते उतरवून घेतलं, कशासाठी ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आयोवाला परतल्यावर आमच्या परगण्याच्या दप्तरात भरकटलेल्या गुरांची वही मागितली. नोव्हेंबर १८५१, नदीच्या पलीकडच्या एका शेतकऱ्यानं दोन बैल धरून आणले. तांबडे, जुवानं खांदे सोललेले, दूरवरून हाकलेले दिसतात. उजव्या कानाला भोक, डाव्याला खालून चीर. मालक जेसी हॉजिन येऊन घेऊन गेला.

बोटीच्या भाड्यात बैलाची किंमत संपते. बैल बोटीनं कुणी आणत नसे. ते चालत आले होते, गाडी ओढत. बैलगाडी दिवसाला बारा-तेरा मैल जाते, आणि आमची माणसं रविवारी चालत नाहीत. ४ ऑक्टोबरला ती गाडी इंडियानाच्या पश्चिम हद्दीच्या आसपास होती. टेमरचं नाव आयोवात पोचलं. टेमर निघाल्या जागेपासून दीडशे मैलांवर, वीस-पंचवीस मैल अलीकडे किंवा पलीकडे, रस्त्याच्या कडेला कुठेतरी राहिली. याहून जवळ मला जाता आलं नाही. कुणालाच येणार नाही.

आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती वाटाणे सोलत होती.

"आई सहा वर्षांची असेल तेव्हा. गाडीत बसलेली." ती थोडा वेळ सोलत राहिली. "मला ती कधी बोलली नाही. मीच सात वर्षांची होते, मला काय सांगणार." मग म्हणाली, "आता युनिसला कोण ते सांगता येईल ना?"

६

फेब्रुवारीत सभा बसली, पाण्याखाली जायच्या आधीची त्या घरातली शेवटची. फार्नहॅमचं पत्र युनिसनं वाचून दाखवलं. पेट्या पुन्हा उघडायच्या तर एक मार्चच्या आत, आणि मंडळीच्या ठरावावर. एकमतानं. आमची पद्धत माहीत असल्यानं त्यानं हे मुद्दाम लिहिलं होतं की सहज, ते मी सांगू शकत नाही.

आमच्यात मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं मन एकीकडे वळेपर्यंत बसून राहायचं. एकाचं जरी वळलं नाही तरी ठराव होत नाही, आणि त्याला कुणी रागावत नाही.

मी उभी राहून सांगितलं. मातीची ओळ, कबरींच्या लांब्या, फुली, बैलांचे कान. सांगून झाल्यावर स्टोव्हमधलं लाकूड खचल्याचा आवाज आला.

एकेक जण बोलत गेला. पोरीचं म्हणणं पटतं. चूक आहे तर दुरुस्त व्हावी. आपण खोट्या नावाखाली माणसं ठेवत नाही. चोवीस पेट्या उघडाव्यात. युनिसनं लेखणी उचलली.

लोवेल पिकरिंग उभा राहिला. हात खिशांतच होते.

"ओरिंडानं मला चोर म्हटलं, ते मी केव्हाच सोडून दिलं. हे त्यामुळं नाही. पोरगी म्हणते ते खरं असेल. पण त्यांना एकदा उठवलं. माझी आजी, लोहार, ती लहान पोरं. आता फरशी फोडून पुन्हा उठवायचं, पुन्हा पेटीत हात घालायचा." तो थांबला. "मी अडवत नाही. पण माझं मन होत नाही."

तो खाली बसला.

आम्ही वाट पाहिली. मला वाटलं आत्या उठेल. ती उठली नाही. मला वाटलं कुणीतरी म्हणेल, लोवेल, एकच पेटी, बाकीच्या राहू दे. पण एक उघडली की बाकी तेवीस चुकीच्या आहेत हे दगडावर लिहिल्यासारखं होणार होतं, आणि हे सगळ्यांना समजत होतं. युनिसनं लेखणी खाली ठेवली. "एकमत होत नाही," ती म्हणाली. "विषय राहिला." मग शेजाऱ्यानं शेजाऱ्याचा हात हातात घेतला आणि सभा संपली.

बाहेर घोड्यांच्या जुन्या शेडपाशी मी लोवेलला गाठलं. "मग आत्याला तुमच्या जागेत येऊ द्या. असेनाथच्या दगडाशेजारी एक जागा मोकळी आहे."

मी त्याला तू म्हणायच्या ऐवजी तुम्ही म्हणाले होते, हे मला मागाहून जाणवलं.

"आहे," तो म्हणाला. "ती माझी. तिच्या पलीकडे विल्मा आहे." विल्मा त्याची बायको. "तुला काय वाटतं, मी यावर विचार केला नाही? सहा रात्री केला." त्याचा आवाज खाली गेला. "मला जमत नाही गं."

मला त्याचा राग यायला हवा होता. माझ्याकडे पुरावा होता, तो कुणीही खोडला नव्हता, आणि त्या पुराव्याचं करण्यासारखं काही नव्हतं. आत्या गाडीत बसून होती. मी दार लावलं.

"तू का नाही बोललीस?"

"काय बोलू? त्याचं मन होत नाही म्हणाला. खोटं बोलला असता तर मी उठले असते."

"आणि तुझं?"

"माझ्या मनाचं कोण विचारतंय. गाडी टेकडीवर घे."

वर आमच्या, म्हणजे रोडाच्या सासरच्या बीसनांच्या, जागेत रोडाच्या नावाचा नवा दगड होता, खाली काही नसलेला, आणि त्याच्या शेजारी आत्यासाठी दोरीनं आखलेला चौकोन. दोरी गोठून ताठ झाली होती. आत्या काठी टेकून त्या चौकोनाच्या कडेला उभी राहिली. खाली नदी दिसत होती. तिच्या काठची झाडं तोडून झाली होती. तिनं रोडाच्या दगडाकडे पाहिलं नाही. ती पिकरिंगांच्या बाजूला बघत होती, जिथं बर्फातून असेनाथचा दगड थोडासा वर आला होता.

"कुठली म्हणालीस?"

"ती. डावीकडून दुसरी."

"मला दिसत नाही एवढं. सात वर्षांची होते तेव्हा आईच्या खड्ड्याशी कुणीतरी मला कडेवर घेतलं होतं, दिसावं म्हणून." तिनं हात त्या बाजूला केला. "किती लांब आहे गं?"

"जवळच आहे, आत्या."

"जवळ म्हणजे किती? नीट मोजून सांग."

मी पट्टीचं टोक चौकोनाच्या खुंटीला अडकवलं आणि बर्फातून असेनाथच्या दगडापर्यंत चालत गेले. पट्टी पन्नास फुटांची होती, तेव्हा तीनदा लावावी लागली. परत आले, पुन्हा एकदा मोजलं. दोन्ही वेळा तेच आलं.

एकशे अठरा फूट चार इंच.